क्लचवाचून अडलंय कुठे?

सप्रेम नमस्कार,
मी साताऱ्याची, वय 58. जिल्हा परिषदेच्या शाळेतून याच वर्षी निवृत्त झाले. हातात आलेल्या पैशातून गाडी घ्यायची आहे, 10 लाखांच्या आत. घरात जुनी गियरची गाडी आहे, ती आमचे हेच चालवतात. मीही 2011 साली क्लास लावून लायसन्स काढलं होतं. पण स्टिअरिंगवर बसले की शेजारून सुरू : "क्लच! अगं क्लच सोड! एवढा पटकन नको!" एकदा पोवई नाक्यावर गाडी लागोपाठ बंद पडली, मागे हॉर्नचा कल्लोळ. त्या दिवसापासून लायसन्स कपाटात आहे. माझी आई मेढ्याला असते. तिच्याकडे जायचं तर ह्यांची सवड, नाहीतर एसटी. मला माझी मी जायचंय.
मुलगा हिंजवडीत असतो. त्याच्या गाडीत ड्रायव्हरच्या मदतीची यंत्रणा म्हणजे अ‍ॅडास आहे. "आई, ऑटोमॅटिक आणि अ‍ॅडासच घे, गाडी स्वतः ब्रेक मारते," असं तो म्हणतो. हे म्हणतात, "ऑटोमॅटिक म्हणजे जत्रेतली गाडी. घाटात दम नाही, अ‍ॅव्हरेज नाही. ज्याला क्लच येत नाही त्याने गाडी चालवू नये." त्यातच दिवाळीत मुलाच्या गाडीतून येताना एका मोटारसायकलवाल्याने कट मारला आणि गाडीने आपला आपण असा ब्रेक मारला की ह्यांच्या मांडीवरचा चिवड्याचा डबा पायाशी सांडला. तेव्हापासून घरात हा विषय काढायची सोय नाही. काय करू?
– एक निवृत्त शिक्षिका

ताई,

ऑटोमॅटिकच घ्या. आणि टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा स्टिअरिंगवर तुम्ही बसा. यजमान आणि चिरंजीव मागच्या सीटवर, बेल्ट लावून.

तुमच्या घरात दोन वेगळ्या वादांचा एकच गुंता झालाय. गियर कोणी बदलायचा हा एक वाद, आणि ब्रेक कोणी मारायचा हा दुसरा. पहिलं काम खुशाल यंत्राच्या गळ्यात घाला. दुसरं मात्र तुमच्या उजव्या पायाचं आहे, ते त्याच्याकडेच राहू द्या. यजमान दोन्हींना नाही म्हणतात, मुलगा दोन्हींना हो म्हणतो, म्हणून तुमची पंचाईत.

आधी क्लचचं बघू. यजमानांचं ते वाक्य त्यांच्या वयाच्या बऱ्याच पुरुषमाणसांच्या तोंडी असतं, आणि त्यामागे नुसता हेका नसतो. त्यांच्या पिढीने गियरच्या दांडीशी झटापट करत गाडी शिकली. कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनीचा गियर तर स्टिअरिंगखाली असायचा. तो बिनआवाज टाकता येणं म्हणजे अंगातली कला. कष्टाने मिळवलेल्या कलेची किंमत कोणी एका बटणात शून्य केली की माणूस चिडतोच. पण क्लचशिवायची गाडी ही काही कालपरवाची टूम नाही. अमेरिकेत ओल्ड्समोबिलने 1940 च्या मॉडेलला हायड्रा-मॅटिक गियरबॉक्स दिला होता. आपल्याकडे ती चैन बराच काळ महागड्या गाड्यांपुरती राहिली. 2014 साली मारुतीने सेलेरिओ एएमटीसकट आणली आणि साध्या घरातल्या गाडीतही डावा पाय मोकळा झाला.

हे एएमटी प्रकरण समजून घ्या, कारण तुमच्या बजेटमध्ये शोरूमवाला बहुधा तेच पुढे करील. यात गियरबॉक्स तुमच्या यजमानांच्या गाडीसारखाच असतो. क्लचही असतो. फक्त तो दाबायला आणि गियर टाकायला पायाहाताऐवजी यंत्रणा बसवलेली असते. त्यामुळे किंमत साधारण अर्ध्या लाखाने वाढते, आणि अ‍ॅव्हरेज गियरच्या गाडीच्या जवळपास तेवढंच राहतं. म्हणजे अ‍ॅव्हरेजची तक्रार इथे निकालात निघते. तोटा एकच, पण तो पहिल्याच फेरीत जाणवतो : गियर बदलताना गाडी क्षणभर दम खाते आणि मान किंचित पुढे जाते. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना जास्त. पाय जोरात दाबून ठेवलात तर हिसका मोठा. त्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटर जरा सैल सोडलात तर जवळजवळ कळतही नाही.

हिसका सोसवतच नसेल तर सीव्हीटी बघा. त्यात पायऱ्या-पायऱ्यांचे गियरच नसतात, पट्टा दोन पुलींवर सरकत राहतो, त्यामुळे गाडी लोण्यासारखी जाते. जोर लावला की इंजिन मात्र आधी ओरडतं आणि वेग मागून येतो. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा प्रकार, उत्तम, पण पेट्रोल थोडं जास्त पितो आणि 10 लाखांत पर्याय मोजकेच. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच असलेल्या ऑटोमॅटिकच्या वाटेला जाऊ नका. कोरड्या क्लचचे असे गियरबॉक्स थांबत-सरकत चालणाऱ्या गर्दीत तापतात, आणि तुमचं निम्मं चालवणं तसंच असणार.

आता घाट. मेढ्यापर्यंत तुम्हाला फारसा घाट नाही, पण साताऱ्यात राहून तुम्ही तो चुकवणार किती? काससाठी यवतेश्वर आहे, पाचगणीला जायचं तर पसरणी, आणि मेढ्यावरून पुढे महाबळेश्वरला निघालात तर केळघर. "घाटात दम नाही" हे यजमानांचं म्हणणं चढावर थोडंसं खरं आहे. एएमटीला पुढचं वळण दिसत नसतं, त्यामुळे नेमकी वळणाच्या तोंडाशी ती वरचा गियर टाकते आणि लगेच पस्तावते. यावर उपाय गाडीतच दिलेला असतो. गियरची दांडी डी (गियर गाडी निवडते) वरून एम (गियर तुम्ही निवडता) कडे सरकवा आणि दुसरा गियर धरून ठेवा. क्लच तरीही यंत्रच दाबणार.

उतारावर मात्र हा एम तुम्हाला पाठ पाहिजे. ज्या गियरात घाट चढलात त्याच गियरात उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगतात, ते ऑटोमॅटिकलाही शंभर टक्के लागू आहे. डी मध्ये ठेवून पसरणी उतरायला घेतलात तर गाडीला वाटतं, बाईंचा पाय हलका आहे, म्हणजे आरामात चाललंय. ती वरचा गियर टाकते, इंजिनाची पकड सुटते, गाडी पळायला लागते, मग तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून बसता. थोड्याच वळणांत जळका वास येतो आणि ब्रेक पायाखाली मऊ लागायला लागतो. एम मध्ये दुसऱ्या गियरावर ठेवलीत की इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेक फक्त वळणापुरता लागतो. सीव्हीटीत यासाठी एल किंवा एस अशी खूण असते. शोरूमच्या माणसाला हे विचाराच. त्याला सांगता आलं नाही तर गाडी वाईट असं नाही, पण दुसरा सेल्समन मागा. आणि अरुंद घाटात वर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते, हा नियम आहे, उपकार नव्हे. हल्ली लोक खालच्यालाच डिपर मारतात.

चढावर थांबायची वेळ आली तर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. ती जागची हलत नाही, पण आत क्लच घासत असतो. ब्रेक धरा, जास्त वेळ असेल तर हँडब्रेक ओढा. हिल होल्ड असलेली गाडी ब्रेक सोडल्यावरही एक-दोन सेकंद मागे सरकत नाही, तेवढ्यात पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आला की झालं. पोवई नाक्यावर तुमची जी फजिती झाली ती याच एका क्षणाची होती. या एका सोयीसाठी वरचं मॉडेल घ्यावं लागलं तरी घ्या.

ऑटोमॅटिकचा खरा धोका तुम्हाला नाही, यजमानांना आहे. आमच्या नात्यातल्या सांगलीच्या एका गृहस्थांनी नवी ऑटोमॅटिक आणली. अनेक वर्षांचा मुरलेला ड्रायव्हर. सोसायटीच्या गेटाशी वेग कमी करताना सवयीने डावा पाय क्लच दाबायला गेला. तिथे क्लच नव्हता, रुंद ब्रेक होता. क्लचवर आपण पाय तळापर्यंत रेटतो, तसाच त्यांनी ब्रेक रेटला. गाडी जागच्या जागी खिळली, मागे बसलेल्या सासूबाईंचा चष्मा पुढच्या सीटवर जाऊन पडला आणि वॉचमनने सलाम ठोकला. इथे हसण्यावारी गेलं. हायवेवर मागे ट्रक असता तर गेलं नसतं. म्हणून डावा पाय बाजूच्या पायठेवणीवर सोडून द्यायचा आणि त्याला काम द्यायचं नाही. ब्रेकही उजव्याच पायाने, अ‍ॅक्सिलरेटरही उजव्याच पायाने. तुमच्या डाव्या पायाला जुनी सवयच नाही, त्यामुळे हे तुम्हाला यजमानांपेक्षा लवकर जमेल. तसं त्यांना सांगू नका.

याहून गंभीर चूक म्हणजे ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला जाणं. गियरच्या गाडीत अशा वेळी घाबरून क्लच दाबला जातो आणि चाकांची ताकद तुटते. ऑटोमॅटिकमध्ये ती संधी नाही. 2019 साली टोकियोच्या इकेबुकुरो भागात 87 वर्षांच्या एका गृहस्थांच्या गाडीखाली तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. गाडीच बिघडली होती, असं ते म्हणत राहिले. कोर्टाने तपासाअंती ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेल्याचं मान्य करून त्यांना पाच वर्षांची शिक्षा दिली. घाबरवायला सांगत नाही. पार्किंगमधून काढताना टाच जमिनीवर ब्रेकच्या रेषेत टेकवा आणि नुसता चवडा उजवीकडे वळवून अ‍ॅक्सिलरेटर दाबा, म्हणजे चवडा सरळ झाला की आपोआप ब्रेकवरच येतो. सपाट चपला किंवा बूट घाला. घरातल्या स्लिपर नकोत.

आता तुमच्या मुलाचा अ‍ॅडास. गाडीच्या पुढे रडार, काचेच्या वरच्या भागात कॅमेरा, आणि पुढचं वाहन फार जवळ आलं की गाडी आधी ओरडते, मग ब्रेक मारते. 2021 मध्ये एमजी अ‍ॅस्टर आणि महिंद्रा एक्सयूव्ही 700 या गाड्यांनी हे आपल्याकडे बऱ्याच घरांत पोचवलं. याला लेव्हल 2 म्हणतात. अर्थ असा की स्टिअरिंग आणि वेग दोन्ही गाडी थोडा वेळ सांभाळू शकते, पण जबाबदारी सगळी तुमची. "गाडी स्वतः ब्रेक मारते" हे मुलाचं वाक्य अर्धंच आहे. गाडी मारते, कधी कधी, तुम्ही चुकलात तर. ते ब्रेक मारणं तुमच्याऐवजी नसतं, तुमच्यामागून असतं.

चिवड्याच्या डब्याच्या बाबतीत मी गाडीच्या बाजूने आहे. मोटारसायकलवाला हातभर अंतरावर घुसला असेल तर ब्रेक हवाच होता. पण आपल्या रस्त्यावर तसं घुसणं हा अपघात नसून रिवाज आहे. मुरलेला ड्रायव्हर तो आधीच ओळखतो, पाय हलका सोडतो आणि कोणाचा डबा सांडत नाही. रडारला त्या पोराची मान वळलेली दिसत नाही. शिवाय तुमच्या गाडीने ब्रेक मारला तरी मागच्या ट्रकमध्ये अ‍ॅडास नाही. मुलाला म्हणावं, सेटिंगमध्ये पुढच्या गाडीशी राखायचं अंतर आणि इशारा किती लवकर द्यायचा हे बदलता येतं, ते एकदा निवांत बसून लाव. बरेच जण शोरूममधून आली तशीच चालवत राहतात.

आणखी एक. जुलैत महाबळेश्वरला धुकं उतरलं, पाऊस आडवा झोडपायला लागला की कॅमेऱ्यालाही काही दिसत नाही, आणि पडद्यावर ही सेवा सध्या बंद आहे असा निरोप येतो. नेमकं हवं तेव्हाच. लेन धरून ठेवणारी सोय रस्त्यावरच्या पट्ट्यांवर चालते. मेढ्याच्या रस्त्याला तिचा तुम्हाला कितपत उपयोग, ते तुम्हीच सांगा. आणि कारखाने सुरू झाले की रात्री उसाच्या ट्रॉल्या निघतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, पंक्चर झाली की रस्त्यातच उभी. वेगात असताना अशा थांबलेल्या अडथळ्यासाठी या यंत्रणेवर विसंबून राहू नका, असं या गाड्यांच्या पुस्तिकांतच लिहिलेलं असतं. तिथे डोळे आणि कमी वेग, दुसरं काही नाही.

तेव्हा 10 लाखांत अ‍ॅडाससाठी ओढाताण करू नका. मिळालंच तर वाईट नाही, पण त्याच्यासाठी ऑटोमॅटिक सोडावी लागत असेल किंवा कर्ज काढावं लागत असेल तर सोडून द्या. त्याऐवजी सहा एअरबॅग आहेत का बघा, ईएससी आहे का बघा. ईएससी म्हणजे वळणावर ओल्या रस्त्यात गाडी घसरायला लागली की एकेका चाकाचा ब्रेक वेगवेगळा लावून तिला रेषेत आणणारी यंत्रणा. तिला रस्त्यावरचे पट्टे लागत नाहीत, ऊन-पाऊस कळत नाही, आणि ती आहे हे तुम्हाला वर्षानुवर्षं जाणवणारही नाही. भारत एनसीएपी ही आपली क्रॅश चाचणी 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली आहे. तुमच्या मॉडेलला किती स्टार आहेत ते सेल्समनला तोंडी न विचारता स्वतः बघा. मागे गाडी घेतानाचे सेन्सर आणि 80 च्या वर गेलं की वाजणारा इशारा हे 1 जुलै 2019 पासून सगळ्याच नव्या गाड्यांत सक्तीचं आहे, ते कोणी फुकटची भेट म्हणून सांगत असेल तर गालातल्या गालात हसा. मागचा कॅमेरा मात्र घ्याच.

मागच्या सीटच्या बेल्टबद्दल सुरुवातीलाच लिहिलं ते उगीच नाही. सायरस मिस्त्री 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघातात गेले, ते मागे बसले होते आणि बेल्ट नव्हता. गाडी साधीसुधी नव्हती. आईला मेढ्याहून आणाल तेव्हा "जवळच तर जायचंय" हे तिचं म्हणणं ऐकू नका.

सनरूफ नको. साताऱ्याच्या एप्रिलमध्ये डोक्यावर काच घेऊन फिरायची हौस कोणाला असेल तर त्याने आपल्या पैशांनी करावी. एसीचा वेग आणि थंडावा बदलायला गोल बटणं असलेली गाडी बघा, पडद्यात बोट घालून शोधावं लागणारी नको. चालवताना तुमचं लक्ष रस्त्यावर राहिलं पाहिजे. युरोपातल्या क्रॅश चाचणीवाल्यांनीही 2026 पासून हॉर्न, वायपर, इंडिकेटर यांना हाताला लागणारं बटण नसेल तर गुण कापायचं ठरवलंय.

आता सगळ्यात आधीचं काम, जे तुमच्या पत्रात कुठेच नाही. ते कपाटातलं लायसन्स बाहेर काढा आणि तारीख वाचा. 2011 मध्ये पन्नाशीच्या आतल्या माणसाला 20 वर्षं किंवा वयाची 50 पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तेवढंच लायसन्स मिळायचं. म्हणजे तुमचं तुम्ही 50 च्या झालात तेव्हाच संपलं. मुदत संपून वर्ष उलटलं की नुसतं नूतनीकरण होत नाही, चाचणी पुन्हा द्यावी लागते. त्या लायसन्सवर चालवू नका. काही झालंच तर विमा कंपनी पहिल्यांदा तीच तारीख बघेल. एकदा लायसन्स झालं की आपल्याकडे गियरची आणि बिनगियरची मोटार असा भेद त्यावर नसतो. ब्रिटनमध्ये असतो, तिथे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर गियरची चालवता येत नाही. इथे यजमानांना तुमचं लायसन्स कमअस्सल म्हणता येणार नाही. आणि हो, त्यांच्याही लायसन्सची तारीख बघून घ्या, त्या वयात दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं.

डॉक्टरकडून नमुना 1-अ भरून घ्या, चाळिशीपुढे तो लागतोच. डोळे तपासायचेच आहेत, तेही त्यात उरकेल. लर्निंग लायसन्स मिळालं की 30 दिवसांनंतर आणि सहा महिन्यांच्या आत पक्क्या लायसन्सची चाचणी. तोवर गाडीला पुढे-मागे लाल एल लावायचा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा बसवायचा, असा नियम आहे. तो शिकवणारा यजमानच असला पाहिजे, असं मात्र कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. ऑटोमॅटिकवर शिकवणारा क्लास गावात शोधा. शिकवणारी बाई मिळाली तर सोन्याहून पिवळं. गाडीचं बुकिंग त्यानंतर.